बोटहिवाळा

माझी बायको इंग्रजी भाषेच्या नोकरीत आहे असं मी सांगतो, तेव्हा लोक समजतात की ती शाळेत शिकवते. मग मी खुलासा करतो, की ती हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीचं काम बघते, जी आज इंग्लंडातल्या माणसालाही कळत नाही. एवढं ऐकल्यावर पेशंट निमूटपणे तोंड उघडतात. त्यापेक्षा दाढ काढून घेणं त्यांना सोपं वाटत असावं.

मी मकरंद लिमये, मिरजेत दाताचा डॉक्टर. ऋजुता ज्या कोशासाठी काम करते त्याचं नाव लांबलचक आहे. आमच्या घरात त्याला नुसतं कोश म्हणतात. तो इंटरनेटवर असतो आणि कधीही पुरा होणार नाही, हे त्या मंडळींनी आनंदाने मान्य केलं आहे. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ उघडतो आणि अर्थाखाली उतारे. उतारे म्हणजे पुरावे. हा शब्द आहे असं कोश स्वतःच्या तोंडाने कधी म्हणत नाही. अमक्या पानावर अमक्याने तो वापरला आहे, एवढं दाखवतो आणि गप्प बसतो.

सगळ्यांत जुने उतारे पुष्कळदा कवितांचे असतात. त्या कवितेला आपल्यासारखं यमक नसतं. ओळीचे दोन तुकडे असतात आणि दोन्हींतले जोर देऊन म्हणायचे शब्द एकाच ध्वनीने सुरू होतात, त्यामुळे ओळ मधोमध शिवल्यासारखी जुळून येते. मला त्यातलं काही कळत नाही. पण ऋजुता स्वयंपाकघरात ते म्हणायला लागली की मी भाजी ढवळायचा थांबतो, आणि आजवर किती वेळा कांदा करपला याचा दोष मी त्या कवींनाच देतो.

काचबिंदूने तिची दृष्टी गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात वैद्यक खूप पुढे गेलं. पडदा खराब असेल तर तो नव्याने वाढवता येतो. पण काचबिंदूत डोळ्यामागची नसच वाळते, आणि वाळलेल्या नसेवर अजून उपाय निघालेला नाही. इथल्या सगळ्या मोठ्या डॉक्टरांनी हे आम्हाला सांगितलं. मीही डॉक्टर असल्यामुळे त्यांनी ते जरा जास्तच सविस्तर सांगितलं.

नोकरी सोडायचा विचार तिने एक दिवसही केला नाही. तिने मला त्या जुन्या लिपीतली अक्षरं शिकवली. दर रविवारी सकाळी मी पडद्यावर जुन्या पोथीचं छायाचित्र मोठं करायचो आणि तिला एकेक अक्षर सांगायचो. ती त्याचे शब्द करायची. भाषा येत नाही आणि अक्षरं येतात, अशी माझी अवस्था; पण कोशाला असाच माणूस हवा असतो, कारण ज्याला भाषा येते त्याला नसलेलं अक्षरही दिसायला लागतं. कोशाच्या साक्षीदारांत माझं नाव लागलं. उताऱ्याखाली बारीक अक्षरांत 'पाहिले' असं लिहून 'म. लि.' येऊ लागलं. मी ते दवाखान्यातल्या कंपाउंडरला, दूधवाल्याला आणि सासूबाईंना दाखवलं.

साक्षीदारांसाठी एक कडक नियम होता, आणि तो एका वासरामुळे आला. जुनी पोथी म्हणजे कातडं, बहुधा वासराचं. कातड्यावर शाईने लिहीत. पण कधी कधी शाई न घेताच, हाडाच्या किंवा धातूच्या टोकाने नुसतं दाबूनही लिहीत. ते अक्षर डोळ्याला जवळपास दिसतच नाही, फक्त पृष्ठभागावर बारीकशी खाच राहते. कोशाने या खाचा वाचायला एक हुशार यंत्र लावलं होतं. यंत्राने एका पोथीच्या समासातून अख्खी कविता बाहेर काढली. जगभर आनंदीआनंद झाला, प्राध्यापकांनी निबंध लिहिले, कोशात कित्येक शब्दांखाली तिचे उतारे चढले. मग एका माणसाने चुकून ते पान उलटं करून यंत्राला दिलं आणि यंत्राने तितकीच सुंदर दुसरी कविता काढून दिली. नंतर कळलं, की त्या जागी वासराच्या मानेच्या सुरकुत्या होत्या.

कोशाने सगळे उतारे काढून टाकले आणि नियम केला. यंत्र मदतीला चालेल, साक्षीला नाही. दर उताऱ्याला दोन माणसं हवीत. दोघांनी पान वेगवेगळं वाचायचं, आपलं वाचन मोहोरबंद करून संपादकांकडे पाठवायचं, आणि दोन्ही उघडली जाईपर्यंत एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही. शाईच्या उताऱ्यांना एक मी आणि दुसरं कोशाच्या कचेरीतलं कोणीतरी, अशी आमची जोडी सुरळीत चालली होती.

मग स्पर्शपट आला.

दिसायला ती एक काच. चॉपिंग बोर्डएवढी. इंग्लंडातल्या पोथीच्या पानावरून लेसरचा किरण फिरवतात आणि पृष्ठभाग कुठे किती खोल आहे याचा नकाशा तयार करतात. केसाच्या जाडीचा हजारावा भाग एवढी खोलीही त्यात धरली जाते. तो नकाशा या काचेत भरला की काच निरनिराळ्या जागी निरनिराळ्या वेगाने थरथरते, आणि त्यावरून फिरणाऱ्या बोटाला जिथे खाच नाही तिथे खाच लागते. हवी तर ती शंभरपट खोल करून घेता येते. बोट हे फार तयारीचं यंत्र आहे. मी हिरडीखालचं कीटण रोज असंच शोधतो. सळई आत सरकवायची, डोळे कुठेही ठेवायचे, आणि टोक अडलं की कळतं. डोळ्याला जे कधीच दिसणार नाही ते बोटाला ठाऊक असतं. हे मला इतकं ठाऊक होतं, तरी ती काच ऋजुतासाठी काय करील हे मला सुचलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने काचेवर उजव्या हाताची तर्जनी ठेवली आणि ती सावकाश फिरवली. मग हळू आवाजात म्हणाली, ही केसांची मुळं आहेत. मग, ही सुरी फिरवल्याची खूण. मग, ही आखणी. वासराची शीर कुठून कुठे गेली तेही तिने मला दाखवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

तेव्हापासून रविवार सकाळ तिची एकटीची झाली. मी पोहे करायचो आणि पेपर वाचायचो. तिला माझी गरज उरली नव्हती याचा मला मनापासून आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. आनंद झाला होता हे खरंच. पण इतकी वर्षं मी तिचे डोळे होतो, आणि आता मी तिचा नुसता नवरा उरलो होतो. त्या जागेवर काम तसं कमीच असतं.

कोशाच्या संपादक बेथन प्राइस या वेल्समधल्या बाई. अतिशय नम्र आणि नियमाला पक्क्या. ऋजुताचं बोट साक्षीला धरायला त्यांनी खळखळ केली, पण शेवटी तडजोड झाली. शाईविना लिहिलेल्या मजकुराला एक साक्ष बोटाची चालेल, दुसरी मात्र डोळ्याचीच हवी. म्हणजे काय, तर ऋजुताने वाचायचं, बंद करून पाठवायचं, आणि मी तेच पान छायाचित्रात, दिव्याचा उजेड निरनिराळ्या बाजूंनी तिरका पाडून, काहीही माहीत नसताना बघायचं. मला पुन्हा नोकरी लागली.

तो दिवस डिसेंबरातला होता. मी दवाखान्यात जायच्या तयारीत होतो. उत्तर इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या मठातलं पान तिच्याकडे होतं. उपासांच्या आणि सणांच्या तारखांचं, वाचून जांभई यावी असं. एकदम ती मला हाक मारत बाहेर आली. भिंतीला हात न लावता आली, इतकी घाईत होती.

"मकरंद, कविता आहे. समासात कविता आहे, आणि त्यात एक शब्द आहे जो कोणी कधी ऐकला नाही."

आणि तिने मला ती सांगितली. आधी कवितेच्या मूळ भाषेत, जुळवलेल्या ओळींच्या तालात, आणि मग मराठीत:

*शाईची शिळा झाली, समुद्र सरकत नाही.*
*बहीण पैलतीरी बसली असेल, चुलीपाशी, चांगली उबेत.*
*माझ्या मुठीत बोटहिवाळा,*
*आणि पुढ्यात अजून अख्खं पान.*

बोटहिवाळा हा त्या शब्दाचा तिने उभ्या उभ्या केलेला मराठी अवतार. बोट आणि हिवाळा हे दोन जुने शब्द जोडून केलेला एकच शब्द. थंडीने बोटं बधिर होतात, लेखणी धरली आहे की नाही तेही कळेनासं होतं, ती अवस्था. मी माझी बोटं बघितली. डिसेंबरात सकाळी पहिल्या पेशंटच्या तोंडात घालायच्या आधी ती मी रोज गरम पाण्यात धरतो, आणि त्या गारठ्याला नाव असतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. कोणा एका बाईने, ऋजुताच्या मते ती बाईच होती, तारखा लिहिता लिहिता वैतागून शाई नसलेलं टोक समासात दाबलं आणि हा शब्द करून टाकला. मला त्या बाईचा आणि माझ्या बायकोचा एकाच वेळी अभिमान वाटला.

आम्ही दोघं दारातच उभे राहून हसत होतो. मग तिचं हसू थांबलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मला कळायला तिच्यापेक्षा एक क्षण जास्त लागला. या पानाचा दुसरा साक्षीदार मी होतो, आणि तिने मला वाचन सांगून टाकलं होतं.

मी म्हटलं, सांगितलंस तर सांगितलंस, बेथनबाईंना कोण कळवतंय. मी प्रामाणिकपणे बघीन. दिसलं तर दिसलं म्हणीन, नाही तर नाही. ऋजुताला तो शब्द कोशात हवा होता. दृष्टी गेल्यापासून तिने दिलेला प्रत्येक उतारा आधी माझ्या डोळ्यांखालून गेला होता. हा पहिलाच असा, जो तिचा तिने शोधला होता. त्या शब्दाचा दुसरा उतारा जगात कुठेच नव्हता, त्यामुळे साक्ष नसेल तर शब्दच नाही. ती नियम मोडायला तयार नव्हती आणि मला थांबवायलाही तिचं मन होईना, म्हणून ती गप्प राहिली.

मी बघू लागलो. दवाखान्यातून आलो की पडद्यासमोर बसायचो, दिवा डावीकडे घ्यायचो, उजवीकडे घ्यायचो, पायथ्याशी आणायचो. सुरुवातीला काहीच दिसेना. चामड्याचा नुसता खडबडीतपणा आणि सुरकुत्या. मग एक उभी रेघ दिसल्यासारखी वाटली. मग दुसरी. पुढच्या रविवारी पहिलं अक्षर उमटलं, आणि एकदा ते उमटल्यावर बाकीची रांगेने आली. बोटहिवाळा तिथे होता. मी चष्मा काढून, पुसून पुन्हा बघितलं, तरी होता. मी ओरडलोच. हे नाटक नव्हतं. मला खरोखर दिसत होतं.

ऋजुता माझ्या शेजारी येऊन बसली. ती खूश होईल असं मला वाटलं होतं, पण तिचा चेहरा विचारात होता. तिने मला जरा चहा टाकायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा ती म्हणाली, पुन्हा एकदा बघ आणि मला अक्षरं कुठे आहेत ते सांग. मी बसलो, दिवा तिरका केला आणि एकेक अक्षर दाखवत गेलो. हे इथे वळतं, हे खाली उतरतं, इथे दोन शब्दांचा सांधा. सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी आत असताना तिने संगणकाला सांगून पान बदललं होतं. माझ्यासमोर होता त्याच पोथीतल्या दुसऱ्या पानाचा समास. त्यावर कोणीही कधी काहीही लिहिलेलं नव्हतं.

मला फार राग आला. लाजही वाटली, पण राग आधी आला.

"तू माझी परीक्षा घेतलीस," मी म्हणालो.

"तुझी नाही रे. दिसण्याची घेतली. तुला वाटतंय मी जिंकावं, म्हणून तुला ते कोऱ्या चामड्यावरही दिसतंय."

मग आमचं भांडण झालं. लग्नानंतर इतकं मोठं झालं नव्हतं. मी म्हणालो की तो शब्द खरा आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, मग एका सहीसाठी तो मारायचा का. नियम वासरासाठी केला होता, तुझ्यासाठी नाही. तुझं बोट चुकत नाही. ती म्हणाली, ज्याने वासराची कविता वाचली त्यालाही असंच वाटलं होतं. मी म्हणालो, ते यंत्र होतं. ती म्हणाली, आत्ता कोऱ्या पानावर वाचणारा यंत्र नव्हता. यावर मी चहा सांडला.

त्याच दुपारी तिने बेथनबाईंना फोन केला. मी खोलीतच होतो. मला वाटलं होतं ती कारण काहीतरी मोघम देईल; छायाचित्र धूसर आहे, वेळ लागेल, असं. तिने सरळ सांगितलं, "माझा साक्षीदार मी स्वतः बिघडवला. आनंदात मला राहवलं नाही. त्याच्या साक्षीचा आता उपयोग नाही, आणि चूक माझी आहे." मग बेथनबाई म्हणाल्या, की असं कबूल करणारं माणूस त्यांच्याकडे पहिल्यांदाच आलं आहे, आणि नियम तरीही नियमच आहे. बंद केलेलं वाचन तसंच बंद राहील.

फोन ठेवल्यावर ती रडली. मी तिच्याजवळ बसलो. माझ्या बायकोबद्दल मला पहिल्यापासून प्रेम आहे, पण त्या दुपारी मला तिच्याविषयी जे वाटलं ते आदराच्या जास्त जवळचं होतं.

बेथनबाईंनी नंतर स्वतः ते पान बघितलं, कचेरीतल्या आणखी कोणाकोणाला दाखवलं. कोणालाही काही दिसलं नाही. साक्ष डोळ्याने मिळणारच नव्हती, हे ऋजुताच्या तेव्हा लक्षात आलं. दुसरं बोट हवं होतं, आणि डोळ्याऐवजी ते चालेल असं बेथनबाईंनीही मान्य केलं. पण जुनी लिपी येणारं, जुनी भाषा येणारं आणि काचेवर वाचता येणारं दुसरं बोट जगात नव्हतं. काच इतरांकडेही होती. ती कोणी कापडं तपासायला वापरत होतं, कोणी नकाशे.

मग तिने बोटं तयार करायला घेतली. तिने जाहीर केलं, की ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना जुन्या इंग्रजीची हौस आहे अशा कोणालाही ती आठवड्यातून एकदा शिकवील. मला वाटलं कोणी फिरकणार नाही. मूठभर माणसं आली, पण कुठून कुठून आली. कॅनडातले एक निवृत्त न्यायाधीश, केनियातली एक रेडिओवर बोलणारी बाई, आइसलँडमधली थोर्डिस, जी लोकांच्या आखडलेल्या पाठी चोळून बऱ्या करायची. ऋजुता त्यांना अक्षरं शिकवायची, ओळी म्हणून दाखवायची, त्यांच्याकडून म्हणून घ्यायची. सगळे एकसुरात म्हणू लागले की शेजारचे लोक आमच्याकडे कसली पूजा आहे असं विचारायचे.

ती त्यांना सगळं शिकवायची, फक्त एक शब्द सोडून. दोन हिवाळे गेले आणि तिसरा आला. थंडीवरची कविता निघाली, बोटांचा विषय निघाला, थोर्डिसने तर एकदा विचारलं की हात गारठण्याला जुना शब्द नव्हता का, तेव्हा ऋजुता म्हणाली, कोशात नाही. ते खरंच होतं. ती शेजारच्या खोलीत हे बोलत होती आणि मी ऐकत होतो.

तो शब्द जगात आम्हा दोघांनाच माहीत होता आणि आम्ही तो घरात वापरायला लागलो. सकाळी मी गरम पाण्याचं भांडं शोधायला लागलो की ती आतून विचारायची, बोटहिवाळा का रे. डॉक्टरांच्या संमेलनात महाबळेश्वरला एका सर्जनने हात चोळत, याला काही शब्दच नाही बुवा, असं म्हटलं, आणि तो शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला. मी पाणी प्यायलो. लोक सोनं लपवतात, बाहेरची भानगड लपवतात. मी एक शब्द लपवत होतो, आणि हे काम मी चांगलं केलं असं ऋजुतानेही नंतर कबूल केलं.

दरम्यान बेथनबाईंनी आपल्याकडून चोख व्यवस्था केली. शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी बरीच पानं पाठवली. काहींवर शाईविना लिहिलेला मजकूर होता, काही कोरी होती, आणि कोणतं काय हे कोणालाच सांगितलं नाही. मठाचं पान त्यांत होतं. ज्यांनी त्यावर 'काही नाही' असं लिहिलं तेही त्यांनी जपून ठेवलं. न्यायाधीशांना तिथे काही लागलं नाही. केनियातल्या बाईंना अक्षरं लागली, पण शब्द जुळेनात. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा नुसती वाट बघणं होतं, आणि त्या दिवसांत ऋजुता जेवताना मीठ मागायचीही विसरायची.

एका दुपारी बेथनबाईंचा फोन आला, पडद्यावर त्या आणि थोर्डिस दोघी. थोर्डिसला का बोलावलं आहे हे तिला सांगितलेलं नव्हतं. बेथनबाई म्हणाल्या की मठाच्या पानाची दोन वाचनं त्या आता उघडणार आहेत. ऋजुताने टेबलाखाली माझा हात धरला, आणि तो इतका घट्ट, की माझं बोट मोडलं असतं तर दवाखाना बंद ठेवावा लागला असता.

त्यांनी आधी ऋजुताचं वाचन वाचलं. मग थोर्डिसचं. पहिली ओळ एका अक्षराने वेगळी होती, दुसरी तंतोतंत तीच. तिसरीपाशी बेथनबाई थांबल्या. मला त्या बाईंचा तेव्हा राग आला, पण त्या चष्मा पुसत होत्या. मग त्यांनी तो शब्द म्हटला. बोट आणि हिवाळा, एकाला एक जोडून. थोर्डिसने खाली टीपही लिहिली होती, तीही त्यांनी वाचून दाखवली: या शब्दापाशी खाच सरळ नाही, कडेने दुहेरी झाली आहे, मी रोज थरथरणारे हात हाताळते, हा हात थंडीने कापत होता.

"हो," ऋजुता म्हणाली. "मलाही तिथे थरथर लागली होती. मी ती लिहिली नाही. मला वाटलं, ती माझ्याच बोटाची असेल."

थोर्डिस म्हणाली की तिच्या गावात आता बाहेर बर्फ पडतो आहे आणि हा शब्द तिला लगेच वापरायचा आहे. त्या तिघी मग त्यांच्या त्या भाषेत बोलत राहिल्या. मी उठून चहा केला. चौघांचा केला, मग लक्षात आलं की पिणारे आम्ही दोघंच होतो.

मला वाटलं, इथे माझं काम संपलं. पण बेथनबाईंनी मला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, की कोशात आता 'पाहिले'च्या जोडीला 'स्पर्शाने वाचले' अशी नवी नोंद सुरू होते आहे. मात्र उद्या कोणीही हे पान डोळ्याने बघेल, त्याला काही दिसणार नाही, आणि तो म्हणेल की हीसुद्धा वासराची कविता. त्याच्यासाठी आधीच लिहून ठेवायला हवं की हे डोळ्याला दिसत नाही. त्यांनी स्वतः बघितलं होतं, पण काही माहीत नसताना. त्यावरून फारसं सिद्ध होत नाही. कुठे काय शोधायचं हे पक्कं माहीत असूनही ज्याला दिसलं नाही, असा माणूस त्यांना हवा होता. असा माणूस जगात एकच होता.

मी म्हटलं, मला तर दिसलं होतं. कोऱ्या पानावरसुद्धा. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

त्या रविवारी ऋजुताने संगणकाला मठाचा तो समास आणि कोरे समास एकमेकांत मिसळायला सांगितलं. कोणतं कोणतं ते तिलाही माहीत नव्हतं. मी दिवा हवा तितका तिरका केला, डोळे फाडफाडून बघितलं, जिथे दिसलं असं वाटलं तिथे खूण केली. मला बोटहिवाळा जवळजवळ सगळीकडे दिसत होता; तो शब्द माझ्या डोळ्यांतच जाऊन बसला होता. शेवटी खुणा ताडून बघितल्या. खरा समास कोणता हे मला नाणं उडवून जितकं कळलं असतं तितकंच कळलं होतं. आयुष्यात नापास झाल्याचं मला इतकं समाधान कधी वाटलं नाही. मी सही केली.

शब्द कोशात चढला त्या सकाळी ऋजुताचा संगणक तिला तो वाचून दाखवायला तयार होता. तिने त्याला गप्प केलं आणि मला बोलावलं. मी चष्मा लावला आणि वाचलं. आधी शब्द. मग अर्थ: थंडीने बोटांना येणारी बधिरता. मग मठाच्या पानावरची ती ओळ, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधोमध जुळलेली. तिचा उच्चार मी करायला नको होता, पण ऋजुता हसली नाही. त्याखाली बारीक अक्षरांत: स्पर्शाने वाचले, ऋ. लि. स्पर्शाने वाचले, थो. यो. आणि त्याच्याही खाली: वाचन माहीत असून पाहिले, दिसले नाही, म. लि.

ती म्हणाली, "शेवटचं पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.